वाढत्या अंगाचं माप

अमरावती
६ जुलै २०२५

कौशल्या आत्या,

इथूनच पायाले हात लावतो. फोन केला की तू तिकडून नुसती "हॅलो, कोण बोलते व" करतं अन् ठेवून देतं. कानाचं मशीन तू लावणार नाही, म्हणून कागद घेतला. आता नीट बसून वाच.

तू मे महिन्यात विणून दिलेला तो निळा स्वेटर चिखलदऱ्याच्या वसतिगृहात पसंत पडला. तिथले धर्मपाल सर म्हणाले, एवढा घट्ट अन् सारखा हात मशीनचाही नसते. पण त्याहिले एक नंबर नाही, सहा नंबर पाहिजे. चोवीस, सव्वीस, असे चौतीसपर्यंत. सहाही नंबरचे नमुने दसऱ्याच्या आत दाखवायचे. पटले त सगळ्या पोरांच्या स्वेटरचं काम आमच्या विणकाम गटातल्या बायांले.

अन् हे काम मले काहून पाहिजे तेही ऐक, कारण बाबांनी तुले अर्धंच सांगितलं असन. तेल्हाऱ्याच्या बैठकीत माह्या नवऱ्यानं, शेखरनं, माह्यावर हात उचलल्याचं कोणी काढलंच नाही. सासरे खुशालराव म्हणाले, "सून राहो अमरावतीत. पण नात आमची हाय. दिवाळीपर्यंत हिच्या हाताले पक्कं काम लागलं त पोरगी हिच्यापाशी, नाही त तेल्हाऱ्याले." अन् तुह्या भावानं, आमच्या नत्थुजीनं, मान डोलावली! सख्ख्या बापानं! मी आत चहा गाळत होती, चहा हातावर सांडला तरी समजलं नाही. प्रतीक्षा नऊ वर्षांची हाय आत्या. अजून मले बिलगल्याशिवाय तिले झोप येत नाही.

म्हणून मी एक्सेल शिकून राहिली. हसू नको. ओमप्रकाशभाऊच्या झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटर दुपारचा रिकामा असते. मोबाइलवर एक बाई शिकवते. एका नंबरचं माप घालायचं, बाकीचे नंबर तक्त्यातून काढायचे, प्रत्येकाचे टाके किती ते तिथंच दिसते. पण त्याच्यासाठी तुह्या हाताचा आकडा पाहिजे, म्हणजे दहा सेंटीमीटरात तुहे टाके किती बसतात ते. तीच लोकर, त्याच सुया, वीतभर तुकडा विणून एसटीच्या पार्सलात पाठव. अन् सहाही नमुने तूच विणायचे. पसंती तुह्या हातावर हाय.

नाही म्हणू नको. मले दुसरं कोणी नाही.

तुही, सासरहून पळालेली
रागिणी


अकोला
१५ जुलै

रागिणे,

अक्षर पाहून दचकू नको. माह्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, म्हणून खालच्या बिऱ्हाडातली पौर्णिमा लिहून राहिली. मी बोलतो, ती लिहिते, अन् मधामधात हसते. मोठी गुणाची पोरगी हाय, विणायचंही माह्यापाशीच शिकून राहिली.

तुकडा पाठोला. मोज कितीकदा मोजाचा ते. मले काही कोणी आकडे शिकोले नाहीत व, माह्या बोटाईले समजते. पण तुहं एक्सेल का फिक्सेल असन त्याले माह्याकडून दोन गोठी सांगजो. एक म्हणजे पोट्ट्याची छाती वाढते तसं डोकं वाढत नाही. बारक्या पोट्ट्याचं डोकंच मोठं असते, बाकी काडी. गळा करतानी हे ध्यानात ठेव. अन् दुसरं, शाळेचा स्वेटर वाढत्या अंगाचा पाहिजे. बाही दोन बोटं लांब, घेर सैल. माय काही आजच्या लेकराले कपडा करत नाही, पुढच्या हिवाळ्याच्या लेकराले करते.

नमुने मी विणतो. तू आकडे पाठव. दसऱ्याच्या आत सहा स्वेटर म्हणजे काय मोठा डोंगर हाय काय?

अन् नत्थूले म्हणा, बहिणीनं लहानपणी विणून दिलेलं मफलर परत मागितलं हाय. मान डोलवाले मोकळी राहीन.

प्रतीक्षाच्या गालाले माहा मुका.

कौशल्या


अमरावती
२ ऑगस्ट

आत्या,

तुह्या दोन्ही गोठी मी वाचल्या, अन् शहाणपणा करून बाजूले ठेवल्या. त्याची शिक्षा भोगून राहिली.

तीस नंबरचं सगळं माप घेतलं अन् चौतीससाठी सगळ्याले सारखंच वाढवलं, चोवीससाठी सारखंच कमी केलं. शीट अशी झाक दिसत होती की ओमप्रकाशभाऊ म्हणाले, "वा ताई, बँकेत लागून जाल." घरी येऊन पेपरचे स्वेटर कापले अन् प्रतीक्षाले घालून पाहिले. चौतीसचा गळा तिच्या खांद्यावरून घसरत कमरेपर्यंत आला. चोवीसचा शेजारच्या बारक्याच्या डोक्यातच जाईना, तो आतून "काकू, अंधार" म्हणून ओरडू लागला. प्रतीक्षा हसून हसून लोळली. मी हसली नाही. मले वाटलं, गेलं काम. गेली पोरगी.

मंग पुन्हा बसली. आता छाती वेगळी वाढते, गळा थोडाच वाढतो, बाही वयाप्रमाणे, मुंढा त्याच्या त्याच्या हिशोबानं. प्रत्येकाची ओळ अलग. तुह्या तुकड्यात दहा सेंटीमीटरात बावीस टाके बसले. तीनदा मोजले, बावीसच. बॉर्डर दोन सुलट दोन उलट हाय, म्हणून टाके चारच्या पाढ्यातच यावे असंही शीटले शिकवलं. वाढत्या अंगाची सूटही घातली. आता बावीसचा आकडा एका घरात हाय अन् सगळी शीट त्याच्यावर उभी हाय.

मोठ्या अक्षरात छापून पाठवतो, तुह्या मोतीबिंदूसाठी. लोकरही हाय सोबत.

परवा खुशालराव आले होते. माह्याशी दोन शब्द बोलले अन् प्रतीक्षाशी तासभर. ते गेल्यावर ती मले म्हणते, "आई, आबांनी तेल्हाऱ्याले माह्यासाठी सायकल घेतली. तू पण येशीन ना?" मी नुसती पोळ्या लाटत राहिली.

आत्या, जीव टांगणीले लागला हाय. लवकर विण.

रागिणी


अकोला
२४ ऑगस्ट

रागिणे,

चार स्वेटर पाठोले. सव्वीस, अठ्ठावीस, तीस, बत्तीस. उशीर झाला, मले समजते. पोळा झाला, आता महालक्ष्म्या हायेत, घरात पाहुण्याईचं येणंजाणं. राहिलेले दोन नंतर धाडतो. टाके तुह्या कागदाप्रमाणंच हायेत, एक इकडचा तिकडं नाही.

माही काळजी करू नको. मी ठणठणीत हाय.

सायकलीचं मनावर घेऊ नको. सायकल देणारा आजा चालते, पण ताप आल्यावर लेकरू कोणाले हाक मारते ते पाह.

कौशल्या

ता. क. ताई, मी पौर्णिमा. हे आत्यांनी सांगितलेलं नाही, माह्या मनानं लिहून राहिली. जमलं त एकदा येऊन जा ना तुमी.


अमरावती
३ सप्टेंबर

आत्या,

सगळं वाया गेलं.

चारही स्वेटर मोठे हायेत. थोडे नाही, पोत्यावानी. तीस नंबरचा मी आशाबाईच्या नववीतल्या पोराले घातला, तो अंगानं चौतीसचा हाय, त त्यालेही ढगळा झाला. आशाबाई आमच्या गटातली सगळ्यात धीराची बाई, पण तीही म्हणे, "रागिणी, आता काय करायचं व?" मले काय माहीत काय करायचं! मीच त शिकणारी अन् मीच त शिकवणारी.

दोन दिवसांपासून शीट तपासून राहिली. प्रत्येक घर उघडून पाहिलं. सेंटीमीटर अन् इंच मिसळले काय, पाहिलं. सूट दोनदा घातली गेली काय, पाहिलं. चूक भेटत नाही आत्या! चूक असती त बरं झालं असतं, दुरुस्त त करता आली असती. माह्यात शिकायची अक्कलच नाही. बैठकीत सासूबाई म्हणल्या होत्या, "हिच्यानं काय होते?" आता मलेही तेच वाटून राहिलं. दसरा महिन्याभरावर आला, अन् मी आकडे उगाच कमी करून पाहून राहिली, आंधळ्यानं चाचपडावं तशी.

पौर्णिमाले सांग, सध्या येणं जमत नाही. इथून हलली की मी खचून जाईन.

४ सप्टेंबर

कालचं पत्र पार्सलात टाकलं नाही. बरं झालं.

आज दुपारी तीस नंबरच्या पाठीचे टाके मोजले. ब्याण्णव. शीटमध्येही ब्याण्णवच. मंग त्याच पाठीवर पट्टी ठेवली, अन् दहा सेंटीमीटरात टाके भरले एकोणीस. खाली मोजले, वर मोजले. एकोणीस. तुहा तुकडा पुन्हा काढला, त्यात बावीस.

मंग मी लोकरीचा नवीन गुंडा जोडलेली जागा शोधली. मी शिकत होती तवा पाठीच्या मधात गाठ आली की तू माह्या बोटावर सुई मारायची. "जोड शिवणीच्या कडेले, येडे!" आत्या, या चारही स्वेटरात पाठीच्या मधात गाठ हाय.

हे तुह्या हातचे नाहीत.

अक्षर पौर्णिमाचं, अन् टाकेही पौर्णिमाचेच. काहून असं केलं तू? मी स्वतःले मूर्ख म्हणून भिंतीवर डोकं आपटून राहिली होती, अन् शीट बरोबर होती! माही पोरगी जाऊन राहिली अन् तू माह्याशी लपाछपी खेळून राहिली? खरं सांग, तुले काय झालं? मले राग आला हाय अन् त्याच्यापेक्षा जास्त भेव वाटून राहिलं.

रागिणी


अकोला
९ सप्टेंबर

रागिणे,

पौर्णिमा हे लिहाले तयार नव्हती, रडून राहिली. मी म्हणलं, लिही, जसं बोलतो तसं लिही.

मोतीबिंदू खोटा हाय. मृग लागला त्या आठवड्यात सकाळी चहाचा कप उचलाले गेली त कप खाली अन् मीही खाली. उजवं अंग गेलं. पाय परत आला, ओढत काहून होईना चालतो. तोंडही सरळ झालं. हात नाही आला. बोटात सुई ठेवली की घरंगळून जाते, मले समजतही नाही की पडली. तुह्या बापालेही सांगू देलं नाही. तो सांगते गावभर.

तुकडा माह्याच हातचा होता, मे महिन्यातला. तुहं पत्र आलं तवा तो डब्यात पडून होता. मी म्हणलं, आता हिले नाही म्हणलं त ही काम सोडून देईन, अन् मंग प्रतीक्षा तेल्हाऱ्याले जाईन. पौर्णिमाले टाके मोजून देतो, समोर बसवतो, होऊन जाईन. टाके मोजून देता येतात व, हात कसा द्यावा कोणाले? ती सैल विणते हे मले रोज दिसत होतं. तिले आवळ म्हणावं त टाके आखडत, अन् तिचे डोळे भरत. मी गप राहिली. चूक तिची नाही, माही हाय. शिव्या देयाच्या त मले दे.

आता ऐक. तुही शीट बरोबर हाय हे तूच शोधून काढलं ना? मंग रडतं कायले? माह्या हाताचा आकडा काढून टाक त्याच्यातून. तो हात गेला. पौर्णिमाच्या हाताचा टाक.

कौशल्या


अमरावती
८ ऑक्टोबर

आत्या,

अकोल्याहून आल्यापासून लिहायले आज टाइम भेटला. तवा मी तुह्यापाशी बसली होती. तुहा हात मांडीवर ठेवला होता, अन् तू डाव्या हातानं मले पोहे वाढून राहिली होती. मी रागावून आली होती, अन् नुसती पोहे खात बसली.

पण पौर्णिमाले मी सोबत घेऊन आली ते चांगलं झालं. शीटमध्ये बावीसच्या जागी एकोणीस लिहिलं, अन् पाहता पाहता सगळे आकडे बदलले. ब्याण्णवचे ऐंशी झाले. ओमप्रकाशभाऊ पाहतच राहिले. आशाबाईचा हात वीसचा निघाला, म्हणून आता ज्या बाईच्या हाती काम, तिचा आकडा आधी. चारही स्वेटर उसवले, लोकर धुतली, वाळवली. सहा नमुने दोघींनी मिळून विणले. मी जोडून दिले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी चिखलदऱ्याले गेली. तिथं सहा पोरं रांगेनं उभी केली, अन् आत्या, सहाच्या सहा बसले! चोवीसवाल्याचं डोकं पटकन बाहेर आलं. धर्मपाल सर म्हणाले, काम तुमचंच समजा. पण समितीचा कागद दिवाळीनंतर निघन.

दिवाळीनंतर.

मी तेल्हाऱ्याले फोन केला. म्हणलं, आबा, दिवाळीनंतर आठ दिवस थांबा, कागद येऊन राहिला. खुशालराव शांतपणे म्हणाले, "शब्द दिवाळीचा होता, रागिणी. समजा म्हणणाऱ्याचं काम पक्कं नसते." मी पाया पडली फोनवर. खरंच पडली, जमिनीले हात लावला. त्याहिले कुठं दिसलं ते.

रागिणी


अमरावती
२८ ऑक्टोबर

आत्या,

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी खुशालराव येऊन प्रतीक्षाले घेऊन गेले. बाबा सोबत होते. मी म्हणलं, बाबा, तुमी तरी बोला. ते म्हणाले, "चार लोकात शब्द दिला बेटा." प्रतीक्षा रडली नाही. नवीन फ्रॉक घातला होता, दप्तर छातीशी धरलं होतं, अन् खिडकीतून पाहत होती की मी रडतो का. मी नाही रडली. गाडी गेल्यावर फाटकापाशीच खाली बसली. आशाबाईनं उचलून घरात आणलं.

काल चिखलदऱ्याचा कागद आला. काम भेटलं. सगळ्या पोरांचं.

तेल्हाऱ्याले फोन केला. आता त्याहिनं शाळेत नाव टाकलं म्हणतात. "वर्ष मोडू नको, पोरीच्या शिक्षणाचं पाह, उन्हाळ्यात बोलू." मी विचारलं, तिले द्या फोन. त म्हणे, खेळायले गेली.

बाया खुशीत हायेत. पौर्णिमानं सगळ्यांले पेढे वाटले. मी माह्या वाट्याचा आशाबाईच्या पोराले दिला.

आज कामाले बसली, त पहिले प्रतीक्षाचाच स्वेटर करावा म्हणलं. तेल्हाऱ्याले थंडी पडन, हिच्यापाशी मागच्या वर्षीचाच हाय. शीट उघडली. वसतिगृहातल्या प्रत्येक पोराचं माप, नमुने दाखवायले गेली तवाच घेतलेलं, त्याच्यात हाय, नावानिशी. हिचं नाव लिहिलं अन् पुढं काय लिहू तेच समजेना. ऑगस्टमधे पेपरचा स्वेटर घातला होता, ते माप जुनं झालं. या वयात लेकरं महिन्यात बदलतात. लोकांच्या पोरांचं माप मले बोटावर पाठ हाय आत्या, अन् माह्या पोरीचं मी अंदाजानं धरून राहिली.

वाढत्या अंगाचं करू? किती वाढत्या? एका हिवाळ्याचं का दोन? तू सांग. मले हे ठरवता येत नाही.

रागिणी


अकोला
१० नोव्हेंबर

रागिणे,

हे मी लिहिलं. डाव्या हातानं. कोंबडीचे पाय हायेत, सांभाळून घे. रोज थोडं लिहितो.

पौर्णिमा सुट्टीवर आली होती. तिले घेऊन तेल्हाऱ्याले गेली. बसमधे चढाले पौर्णिमानं अन् कंडक्टरनं हात देला. खुशालरावानं दार उघडलं. लकवा झालेली बाई दारात उभी म्हणल्यावर या म्हणाच लागलं. चहाही पाजला. मी म्हणलं, भांडाले नाही आली, माप घ्याले आली.

भांडाले वकील पाहून ठेवला हाय अकोल्यात. चिखलदऱ्याचा कागद घेऊन ये. बैठकी बस्स झाल्या. नत्थूले त्याच्या आधी अकोल्याले बोलावून घेतलं होतं. समोर बसवलं अन् माहा हात त्याच्या हातात ठेवला. खूप रडला. तुह्या बाजूनं उभा राहतो म्हणे.

पोरगी बरी हाय. वाळली थोडी. सायकल ओट्यावर उभी हाय, धूळ बसली.

माप टेपनं नाही घेतलं, माह्यानं एका हातानं धरवत नव्हतं. लोकरीच्या धाग्यानं घेतलं, तुह्याच निळ्या लोकरीच्या. मी टोक धरलं, तिनं स्वतःच गाठी मारल्या. पयली गाठ छातीची, दुसरी उंचीची, तिसरी बाहीची. धागा सोबत हाय.

बाही मोजतानी मी सवयीनं दोन बोटं पुढं सरकली. तिनं माहा हात मागं सारला. म्हणे, "आजी, आईले सांगजो वाढत्या अंगाचं नको करू. आत्ता जेवढी हाय तेवढंच कर. ते आखूड व्हायच्या आधी मी येतो."

म्हणून बाही तिसऱ्या गाठीपाशीच संपव.

कौशल्या